स्विफ्ट की स्कॉर्पिओ-एन? दोन अगदी वेगळ्या गाड्यांची तुलना कागदावर आणि रस्त्यावर कशी करावी

एकाच बजेटच्या, एकाच आकाराच्या दोन गाड्यांची तुलना कुणीही करतं. गोंधळ होतो तो जोडी विजोड असली की. घरात एकाला छोटी पेट्रोल गाडी हवी असते, दुसऱ्याला मोठी डिझेल एसयूव्ही. मग दोन ब्रोशरं शेजारी ठेवली जातात, ज्या रकान्यात आकडा मोठा त्या गाडीला बरोबरची खूण, आणि शेवटी खुणा मोजायच्या. या पद्धतीत मोठी गाडीच जिंकते, कारण मोठ्या गाडीचे बहुतेक आकडे मोठे असायचेच.

हा लेख त्या चुकीवर आहे. उदाहरणाला २०२४ च्या मे महिन्यात आलेली नवी स्विफ्ट पेट्रोल आणि स्कॉर्पिओ-एन डिझेल अशी जोडी घेतली आहे. तुमची जोडी वेगळी असेल तर आकडे बदला, पायऱ्यांचा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत लागतं.

आधी हे जमवून ठेवा: दोन्ही गाड्यांची कंपनीने छापलेली ब्रोशरं, त्याच व्हेरियंटच्या कुणा ओळखीच्याच्या आरसीचा फोटो, मोजपट्टी, कॅल्क्युलेटर आणि एक कोरा कागद.

## पायरी १: आधी आपला वापर लिहा

कागदावर गाडीचं नाव लिहायच्या आधी चार गोष्टी लिहा. महिन्याचे किलोमीटर किती, त्यातले शहरातले किती आणि हायवेचे किती. बहुतेक वेळा गाडीत किती माणसं असतात. वर्षातून किती वेळा पाचपेक्षा जास्त माणसं असतात. आणि घाट: गावाला जाताना वरंध, आंबा, कुंभार्ली, पसरणी असं काही वाटेत आहे का, आणि तो चढताना गाडी भरलेली असते की रिकामी.

आकडे आठवून लिहू नका. सध्याच्या गाडीचं सर्व्हिसिंगचं बिल काढा. प्रत्येक बिलावर किलोमीटर आणि तारीख असते. दोन बिलांमधला फरक महिन्यांनी भागला की खरा वापर कळतो. ‘आपलं महिन्याला दोन हजार होतंच’ म्हणणाऱ्यांचं प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही भरत नाही, असं वारंवार दिसतं.

इथेच एक चाळणी लावा. रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा, थांबत-थांबत, आणि हायवेला गाडी महिनोन् महिने जात नसेल, तर बीएस-६ डिझेलवर इथेच काट मारा. डिझेलच्या धुराड्यात डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तो बराच वेळ चांगला तापावा लागतो, आणि छोट्या फेऱ्यांत तो तेवढा तापतच नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते. पुढचं सगळं गणित डिझेलच्या बाजूने आलं तरी ही अडचण जात नाही.

## पायरी २: व्हेरियंट पक्कं करा

‘स्विफ्ट विरुद्ध स्कॉर्पिओ-एन’ अशी तुलना होऊच शकत नाही. स्कॉर्पिओ-एनचं २१९८ सीसीचं डिझेल इंजिन दोन ताकदींत आलं आहे: वरच्या व्हेरियंटमध्ये १७५ पीएस आणि अगदी खालच्यात १३२ पीएस. त्यातही १७५ पीएसच्या मॅन्युअलला टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, ३७० न्यूटन मीटर, तर ऑटोमॅटिकला ४००. जाहिरातीत छापतात ते १७५ आणि ४००. किंमत छापतात ती सर्वांत स्वस्त व्हेरियंटची. हे दोन आकडे एका गाडीत मिळत नाहीत.

स्विफ्टमध्ये इंजिन एकच, ११९७ सीसीचं तीन सिलिंडरचं, ८२ पीएस आणि ११२ न्यूटन मीटर. फरक गिअरबॉक्सचा. आणि इथे ‘ऑटोमॅटिक: आहे’ अशी खूण दोन्हीकडे करणं ही नेहमीची चूक. स्विफ्टची ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. स्कॉर्पिओ-एनची टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून जोर पोचवणारी. चढावर गाडी धरून ठेवणं, पार्किंगमध्ये इंच-इंच पुढे सरकणं, ओव्हरटेकच्या वेळी गिअर खाली पडायला लागणारा वेळ, या तिन्ही बाबतींत दोघींचा स्वभाव वेगळा आहे.

कागदावर पूर्ण नाव लिहा: व्हेरियंट, इंधन, गिअरबॉक्स, आणि टू-व्हील की फोर-व्हील ड्राइव्ह. या लेखात पुढे दोन्ही मॅन्युअल, स्कॉर्पिओ-एन १७५ पीएसची आणि टू-व्हील ड्राइव्ह धरली आहे.

तपासा: शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला उभी असलेली गाडी बहुधा सर्वांत वरच्या व्हेरियंटची असते. तुमच्या कागदावरचं व्हेरियंट आणि ती गाडी एकच आहे का, हे आत्ताच फोन करून विचारा.

## पायरी ३: एककं सारखी करा

पाच मिनिटांचं काम, पण ते सोडलं तर पुढे घोळ होतो. ताकद कुणी पीएसमध्ये देतं, कुणी बीएचपीमध्ये, कुणी किलोवॉटमध्ये. एक पीएस म्हणजे ०.७३५५ किलोवॉट, एक बीएचपी म्हणजे १.०१४ पीएस. म्हणजे १७५ पीएस आणि १७२.६ बीएचपी ही एकच गोष्ट, पण दोन व्हिडिओंत दोन आकडे ऐकले की ‘नव्या मॉडेलमध्ये ताकद कमी केली’ अशा चर्चा सुरू होतात.

परदेशी व्हिडिओ बघून इंधनाचा हिशोब करत असाल तर सावध. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटनचा ४.५४६ लिटरचा. त्यामुळे त्या दोन देशांचे गॅलनमागचे मैल आपसातही जुळत नाहीत. सगळं लिटरमागे किलोमीटरमध्ये आणा.

## पायरी ४: ताकदीला वजनाने भागा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली

सगळ्यांत जास्त लोक चुकतात ते इथे. म्हणून जरा थांबून.

१७५ विरुद्ध ८२. वाटतं की स्कॉर्पिओ-एन दुपटीहून जास्त जोरात पळेल. पण ही ताकद किती लोखंड ओढते आहे? स्विफ्ट साधारण ९२० किलोची. स्कॉर्पिओ-एन चासीवर बांधलेली गाडी, वजन दोन टनांच्या आसपास. इथे हिशोबाला सरळ २,००० किलो धरू. काही कंपन्या ब्रोशरमध्ये वजन छापतच नाहीत. तिथे आरसी कामाला येते: तिच्यावर गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं, आणि ते नेमक्या त्या व्हेरियंटचं असतं.

आता भागाकार. ताकद पीएसमध्ये, वजन टनात.

रिकामी स्विफ्ट: ८२ ÷ ०.९२ = टनामागे सुमारे ८९ पीएस.
रिकामी स्कॉर्पिओ-एन: १७५ ÷ २.० = टनामागे सुमारे ८७ पीएस.

जवळजवळ बरोबरी! ब्रोशरवरचा दुपटीचा फरक एका भागाकारात गेला. एकटा माणूस मोकळ्या स्विफ्टमधून सिग्नलवरून निघाला तर शेजारच्या एसयूव्हीच्या मागे पडण्याचं काही कारण नाही.

पण इथे थांबलात तर उलट बाजूची चूक होते. आता माणसं बसवा. पाच जण, सरासरी ६५ किलोचे, आणि ५० किलो सामान. मिळून ३७५ किलो. गणेशोत्सवाला कोकणात निघालेल्या गाडीत यापेक्षा कमी नसतंच.

भरलेली स्विफ्ट: ८२ ÷ १.२९५ = सुमारे ६३ पीएस.
भरलेली स्कॉर्पिओ-एन: १७५ ÷ २.३७५ = सुमारे ७४ पीएस.

तेच ३७५ किलो स्विफ्टच्या स्वतःच्या वजनात ४० टक्क्यांची भर घालतात, स्कॉर्पिओ-एनच्या वजनात १९ टक्क्यांचीही नाही. म्हणून छोटी गाडी भरली की ‘बसते’ आणि मोठी फारशी बदलत नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये सात जण आणि तेवढंच सामान घातलं तरी आकडा ७० च्या आसपास राहतो, म्हणजे पाच जणांच्या स्विफ्टपेक्षा वरच.

आता पहिल्या पायरीतला कागद काढा. ‘बहुतेक वेळा किती माणसं’ याचं उत्तर एक-दोन असेल तर पहिली जोडी तुमची. चार-पाच असेल तर दुसरी. दोन्हींची सरासरी काढू नका. सरासरी माणूस गाडीत बसत नाही.

इशारा: एका गाडीचं कर्ब वेट (रिकामं वजन) आणि दुसरीचं एकूण भारित वजन अशी गल्लत सर्रास होते. भारित वजन म्हणजे माणसं-सामानासकट गाडीला परवानगी असलेली कमाल. तुमचा स्वतःचा भार धरून आलेली बेरीज या कमाल आकड्याच्या आतच हवी.

## पायरी ५: टॉर्क कधीही एकटा वाचू नका

‘डिझेलला टॉर्क असतो’ हे वाक्य खरं आहे आणि अपुरंही. ३७० आणि ११२ हे आकडे इंजिनच्या तोंडाशी मोजलेले आहेत. चाकापर्यंत पोचताना गिअरबॉक्स त्यांना गुणतो, आणि जास्त आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनला तो जास्त गुणू शकतो. म्हणून टॉर्कच्या शेजारी आरपीएम लिहिल्याशिवाय तो आकडा कागदावर घेऊच नका.

स्विफ्ट: ११२ न्यूटन मीटर, ४३०० आरपीएमला, ८२ पीएस ५७०० ला.
स्कॉर्पिओ-एन मॅन्युअल: ३७० न्यूटन मीटर, १५०० ते ३००० आरपीएमच्या दरम्यान, १७५ पीएस ३५०० ला.

मग हे सूत्र: टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की त्या क्षणाची ताकद किलोवॉटमध्ये. त्याला १.३६ ने गुणलं की पीएस.

स्कॉर्पिओ-एन १५०० आरपीएमला: ३७० × १५०० ÷ ९५४९ = ५८ किलोवॉट, म्हणजे ७९ पीएस. स्विफ्ट जिवाच्या आकांताने ५७०० ला ओरडून जे ८२ देते, जवळपास तेवढं स्कॉर्पिओ-एन गुरगुरतानाच देते. आणि स्विफ्ट १५०० ला? तिचा कमाल टॉर्क तिथे मिळतो असं मानलं तरी २४ पीएसच्या वर जात नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच.

आता हे भरलेल्या वजनाने भागा. १५०० आरपीएमला स्कॉर्पिओ-एन टनामागे ३३ पीएस, स्विफ्ट फार तर १८-१९. पण स्विफ्टला गिअर खाली आणून ४३०० पर्यंत नेलं की ती ६८ पीएस देते, टनामागे ५२-५३. म्हणजे छोट्या गाडीत जोर नाही असं नाही. तो मागावा लागतो, गिअर टाकून आणि इंजिनचा आवाज सहन करून. मोठ्या डिझेलमध्ये तो पायाखालीच असतो. माझ्या मते या दोन गाड्यांतला खरा फरक हाच आहे, आणि तो ब्रोशरच्या कुठल्याच रकान्यात सापडत नाही. ज्याला गिअर टाकायला आवडतं त्याला स्विफ्टमध्ये काहीच कमी वाटणार नाही. ज्याला घाटात तिसरा गिअर सोडायचा नाही, त्याची रोज चिडचिड होईल.

याला आणखी एक पदर आहे, उंचीचा. स्विफ्टच्या इंजिनला टर्बो नाही. हवा जशी मिळेल तशी ते घेतं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे हवा सुमारे बारा टक्क्यांनी विरळ. तितक्याच प्रमाणात इंजिनची ताकद उतरते: ८२ चे बहात्तर-एक होतात. टर्बो डिझेल हवा दाबून आत घेतं, त्यामुळे ही तूट ते बरीचशी भरून काढतं. पसरणी घाट चढून वर राहणाऱ्याने हा हिशोब जरूर धरावा. मुंबई-अलिबाग करणाऱ्याने सोडून द्यावा.

तपासा: टर्बो डिझेलमध्येही पूर्ण टॉर्क मिळायला लागेपर्यंत गाडी मंदच असते. मॅन्युअलमध्ये १५०० च्या खाली, चढावर, भरलेली गाडी क्लचवरून सोडून बघायची आहे. नवव्या पायरीत याची आठवण ठेवा.

## पायरी ६: चाचणीचे आकडे एकाच हातचे घ्या

शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा सगळ्यांना हवा असतो आणि तो सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे. यशवंतराव चव्हाण (मुंबई-पुणे) एक्स्प्रेसवेवर कारची मर्यादाच ताशी १०० किलोमीटर आहे, घाटात त्याहून कमी. थांबलेल्या गाडीला पूर्ण जोर देऊन शंभरला न्यायची वेळ तुमच्यावर किती वेळा येते?

त्याऐवजी चालत्या गाडीचा वेग वाढण्याचे आकडे शोधा. आपली मासिकं मॅन्युअल गाड्यांसाठी २० ते ८० तिसऱ्या गिअरमध्ये आणि ४० ते १०० चौथ्यात असे देतात. एसटीच्या मागून बाहेर निघताना जे लागतं, ते हेच. ऑटोमॅटिकला हेच वेग पाय पूर्ण दाबून मोजतात आणि गाडी स्वतः गिअर बदलते. म्हणून एका मॅन्युअलचा आणि एका ऑटोमॅटिकचा आकडा शेजारी ठेवू नका.

दोन्ही आकडे एकाच मासिकाचे किंवा चॅनेलचे, एकाच पद्धतीने मोजलेले हवेत. एक कंपनीचा दावा आणि दुसरा कुणीतरी मोबाईल हातात धरून मोजलेला, असं असेल तर रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना चुकीच्या आकड्यापेक्षा बरा.

थांबण्याचं अंतरही याच ठिकाणाहून घ्या. दुप्पट वजनाच्या गाडीत त्याच वेगाला दुप्पट ऊर्जा असते आणि ती ब्रेकला गिळावी लागते. घाट उतरताना हा फरक जाणवतो, म्हणून मोठी गाडी इंजिन ब्रेकिंगवर, खालच्या गिअरमध्ये उतरवायची सवय असणाऱ्यानेच घ्यावी.

## पायरी ७: मापं मोजपट्टीने घ्या

स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब, १७३५ रुंद, १५२० उंच. स्कॉर्पिओ-एन ४६६२ लांब, १९१७ रुंद, १८५७ उंच. रुंदीतला फरक अठरा सेंटिमीटरचा, आणि बाहेरचे आरसे यात धरलेले नसतात.

आज रात्रीच खाली जाऊन पार्किंगची जागा मोजा. दोन खांबांमधलं अंतर मोजून त्यातून गाडीची रुंदी वजा करा. ड्रायव्हरच्या बाजूला दार उघडून माणूस उतरेल इतकी जागा उरते का, ते पाहा. स्टॅक पार्किंग असेल तर त्यावर लावलेली पाटी वाचा: उंची आणि वजन दोन्हींची मर्यादा तिथे लिहिलेली असते. ठाण्या-पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांत ही पाटी वाचल्यावर तुलना तिथल्या तिथे संपते.

डिकीचे लिटर मला फारसे पटत नाहीत. स्विफ्टची डिकी २६५ लिटर. सात आसनी गाडीत प्रश्न असा की तिसरी रांग उभी असताना किती, आणि दुमडल्यावर किती. स्कॉर्पिओ-एनमध्ये सगळ्या रांगा भरल्या की मागे फार थोडी जागा उरते; सात माणसं *आणि* सात जणांच्या बॅगा हे चित्र टपावर कॅरियर असल्याशिवाय खरं होत नाही. घरातली सर्वांत मोठी बॅग शोरूमला घेऊन जा. ते हसतील, हसू द्या.

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा भरलेल्या गाडीचा की रिकाम्या, हे विचारा. स्विफ्टचा १६३ मिलिमीटर रिकाम्या गाडीचा आहे. पाच माणसं बसल्यावर गाडी खाली बसते, आणि गावचा स्पीडब्रेकर भरलेल्या गाडीलाच लागतो.

चाकं कुठली फिरतात हेही लिहा. स्विफ्ट पुढची, टू-व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ-एन मागची. ओल्या लाल मातीच्या चढावर पुढची चाकं फिरणारी गाडी भरली की घसरते, कारण वजन मागे जातं. मागची चाकं फिरणारी गाडी मात्र रिकामी असली की घसरते. अंगणापर्यंत डांबर असेल तर हा मुद्दा सोडा.

## पायरी ८: सुरक्षिततेचे तारे

छोटी पायरी, पण दोन सापळे आहेत. स्कॉर्पिओ-एनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच आणि मुलांसाठी तीन तारे दिले. त्याच वेळी स्विफ्टला एक तारा मिळाला, आणि तो आकडा आजही फिरतो. पण ती आधीच्या पिढीची, दोन एअरबॅगची गाडी होती. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत आणि गाडीच वेगळी आहे; जुना तारा तिला लावायचा नाही, आणि तिच्यासाठी अंदाजाने नवा ताराही मनात धरायचा नाही.

दुसरा सापळा: समोरच्या धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटरने, दबणाऱ्या अडथळ्यावर होते. ती साधारण आपल्याच वजनाच्या गाडीवर आदळण्यासारखी असते. ९२० किलोच्या गाडीचे तारे आणि दोन टनांच्या गाडीचे तारे त्यामुळे एका पट्टीवर येत नाहीत. मुलं लहान असतील तर मुलांचे तारे वेगळे लिहा. मोठ्यांचे पाच पाहून लोक पुढचं वाचतच नाहीत.

## पायरी ९: टेस्ट ड्राइव्ह — छोटी, मोठी, पुन्हा छोटी

शोरूमभोवतीची एक फेरी ही टेस्ट ड्राइव्ह नव्हे. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, त्याच माणसांसह चालवा. क्रम असा: आधी स्विफ्ट, मग स्कॉर्पिओ-एन, मग पुन्हा स्विफ्ट. उंच सीटवर बसलं की वेग कमी वाटतो आणि रस्ता आपल्या मालकीचा. जमिनीलगत बसलं की साठ म्हणजे ऐंशी वाटतात. तिसरी फेरी हा भास उतरवते. शोरूम वेगवेगळी असतील तर तिसरी फेरी मिळवायला थोडा आग्रह धरावा लागतो. धरा.

प्रत्येक गाडीत याच क्रमाने:

१. गाडी हलवण्याआधी सीट, आरसे, स्टिअरिंग आपल्या मापाचं करा. टायरमधली हवा विचारून घ्या. शोरूमच्या गाडीत ती भलतीच असू शकते.

२. एसी पूर्ण चालू. छोट्या इंजिनमधून एसीने खाल्लेली ताकद लगेच जाणवते.

३. घरची माणसं बसवा, निदान चार. आजी-आजोबांना स्कॉर्पिओ-एनची पायरी चढायला लावा आणि नंतर स्विफ्टच्या खोल सीटवरून उठायलाही. दोन्हीत त्रास वेगळा आहे.

४. चढावर थांबा, पुन्हा निघा. उड्डाणपुलाची चढण पुरते.

५. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ला आणा आणि गिअर न बदलता वेग वाढवा. पाचव्या पायरीतलं गणित आता पायाला कळेल.

६. खराब रस्ता, तोही मागच्या सीटवर बसून. चासीवरच्या उंच गाडीत खड्डा गिळला जातो, पण अंग डावी-उजवीकडे हलतं. स्विफ्टमध्ये खड्ड्याचा धक्का सरळ वर येतो. गाडी लागणारं कुणी घरात असेल तर त्यांचं मत शेवटचं.

७. गल्लीत वळवून मागे घ्या. हे विसरलं जातं, आणि पुढची दहा वर्षं रोज करावं लागतं.

इशारा: सेल्समन शेजारी बसून सनरूफ आणि स्क्रीन दाखवत राहील. ते गाडी उभी असताना बघा. चालवताना म्युझिक बंद, काचा वर.

## पायरी १०: खर्च, लिटरमध्ये नव्हे, रुपयांत

पेट्रोल आणि डिझेल गाडीचं ॲव्हरेज थेट ताडून बघणं चूक आहे. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि दरही वेगळा. दोन्ही रुपये प्रति किलोमीटरमध्ये आणा.

कंपनीचा आकडा इथे वापरू नका. स्विफ्ट मॅन्युअलचा दावा लिटरमागे २४.८० किलोमीटरचा आहे, पण तो रोलरवर, ठरलेल्या चक्रात, एसी बंद ठेवून आणि कमाल ताशी ९० च्या वेगाने काढलेला. खरा आकडा तीच गाडी असलेल्या माणसाकडून घ्या, आणि तो टाकी-ते-टाकी मोजलेला हवा: पंपाचं नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा नोझल बंद पडेपर्यंत भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बहुधा गोड असतो.

हिशोबापुरते आकडे धरू. पेट्रोल १०० रुपये आणि १७ चं ॲव्हरेज: किलोमीटरला ५.८८ रुपये. डिझेल ९० रुपये आणि १२ चं ॲव्हरेज: ७.५० रुपये. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवलं तर फरक साधारण १९,४०० रुपये. डिझेल स्वस्त म्हणून मोठी गाडी घेणाऱ्यांनी किलोमीटरमागचा हा १.६२ रुपयांचा फरक एकदा स्वतःच्या किलोमीटरने गुणून पाहावा.

मोठी रक्कम मात्र इंधनात नसतेच. ती सुरुवातीला जाते. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के रोड टॅक्स लागतो. डिझेलला १३, १४ किंवा १५. टप्पे १० आणि २० लाखांचे. साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८२,५०० रुपये, तर १८ लाखांच्या डिझेलवर १४ टक्क्यांनी २,५२,००० रुपये. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के होतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आणि १५०० सीसीच्या वर २४,५९६ रुपये. एक्स-शोरूम १० लाखांच्या वर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, जो रिटर्न भरताना जुळवून घेता येतो. तो खर्चात धरू नका, पण गाडी घेताना हातात असू द्या.

टायर विसरू नका. स्विफ्टच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५, स्कॉर्पिओ-एनच्या वरच्याला २५५/६० आर १८. टायरवाल्याकडे जाऊन चार टायरांचा दर आजच विचारा आणि कागदावर लिहा. टोलचा दर दोन्हींना सारखाच, तो रकाना नकोच.

शेवटचा रकाना: आजची ऑन-रोड किंमत, वजा त्याच गाडीच्या पाच वर्षं जुन्या मॉडेलला बाजारात मिळणारा भाव, भागिले पाच. नवं मॉडेल पाच वर्षं जुनं अजून झालेलंच नसेल तर त्याच कंपनीच्या आधीच्या मॉडेलवरून अंदाज बांधा आणि शेजारी ‘अंदाज’ असं लिहा. हा आकडा बहुतेकदा वर्षाच्या इंधनापेक्षा मोठा निघतो.

## पायरी ११: कागद वाचायचा कसा

बेरीज करू नका. गुण देऊन एकूण काढलं की सनरूफचे पाच गुण आणि पार्किंगचे पाच गुण एकाच पिशवीत पडतात.

आधी काट मारणारे रकाने वाचा: पार्किंग, छोट्या फेऱ्या आणि डीपीएफ, माणसांची संख्या, ऑन-रोड रक्कम. यातल्या एकाही ठिकाणी गाडी अडली तर तिच्या १७५ पीएसना काही अर्थ नाही. दोन्ही गाड्या इथून सुटल्या तरच चौथ्या-पाचव्या पायरीतला तुमच्या भाराचा आकडा बघा, मग टेस्ट ड्राइव्हचं मत, आणि सगळ्यांत शेवटी किलोमीटरचा खर्च.

वर्षातून दोनदाच सात माणसं होत असतील तर त्या दोन वेळांसाठी मोठी गाडी भाड्याने घेतली तर किती लागतील, हेही लिहा. तो आकडा रोड टॅक्सच्या फरकाशेजारी ठेवला की घरातली बरीच चर्चा आवरते.

निर्णय झाल्यावर बुकिंगच्या फॉर्मवर सही करण्याआधी दुसऱ्या पायरीत लिहिलेलं पूर्ण नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. इंजिनची ताकद, गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह तिथे स्पष्ट नसेल तर पेनाने लिहून घ्या आणि शोरूमचा शिक्का मारायला सांगा.